दम लागतो तो दम्यामुळे की स्वरतंतूंमुळे? दुर्बिणीआधी करता येणाऱ्या श्वासाच्या चाचण्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी १६ वर्षांची, शाळेच्या संघातून ८०० मीटर धावते. शेवटच्या २०० मीटरला घसा आवळल्यासारखा होतो, श्वास आत घेताना आवाज येतो आणि थांबल्यावर चार-पाच मिनिटांत सगळं ठीक होतं. दम्याचे पंप बराच काळ चालू आहेत, फरक नाही. पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, नॉर्मल. आता डॉक्टरांनी व्होकल कॉर्ड डिसफंक्शनची, म्हणजे स्वरतंतू नको तेव्हा मिटण्याच्या विकाराची, शंका घेऊन नाकातून दुर्बीण घालून बघायला सांगितलं आहे आणि मुलगी घाबरली आहे. नुसत्या फुंकायच्या चाचण्यांवर हे निदान होईल का?

पक्कं निदान होणार नाही. मात्र शंका खरी आहे की नाही, सोबत दमा आहे की नाही आणि दुर्बीण नेमकी कधी घातली तर काही दिसेल, हे सगळं या चाचण्या सांगू शकतात. अट एकच: चाचणी श्वास आत घेण्याची व्हायला हवी आणि त्रास होत असताना, निदान त्यानंतर लगेच व्हायला हवी. तुमची ‘नॉर्मल’ पीएफटी बहुधा या दोन्ही अटींत बसत नाही.

श्वास आत घेताना स्वरतंतू एकमेकांपासून दूर जायला हवेत. या विकारात ते उलट जवळ येतात आणि मागच्या बाजूला पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी फट तेवढी उरते. दमा समजून उपचार घेणाऱ्या पाच रुग्णांमध्ये हे चित्र अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९८३ साली सविस्तर मांडलं, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. काही जणांत, विशेषतः धावणाऱ्या मुलांमध्ये, स्वरतंतूंच्या वरचा भागच आत ओढला जातो. म्हणून हल्ली ‘इंड्युसिबल लॅरिंजियल ऑब्स्ट्रक्शन’, म्हणजे आयएलओ, हे व्यापक नाव वापरतात. व्यायामाने होणारा प्रकार तो ईआयएलओ. रिपोर्टवर यांतलं कोणतंही नाव दिसलं तरी गोंधळू नका.

आता पीएफटीचा कागद समोर घ्या. आकड्यांचा तक्ता बाजूला ठेवा आणि फ्लो-व्हॉल्यूम लूप हा आलेख शोधा. आडव्या रेषेच्या वर डोंगरासारखा भाग दिसतो तो श्वास सोडण्याचा. रेषेच्या खाली अर्धवर्तुळासारखा भाग हवा, तो श्वास आत घेण्याचा. स्वरतंतूंची हकीकत या खालच्या भागात असते. बऱ्याच रिपोर्टांत तो नसतोच. ‘जोरात फुंका, फुंका, फुंका... झालं’ असं म्हणून टेक्निशियन माउथपीस काढून घेतो, कारण दमा आणि सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट अडथळ्याचा आजार) यांसाठी त्याला एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) आणि एफव्हीसी (जोरात सोडलेली एकूण हवा) एवढंच लागतं. कधी कधी पुठ्ठ्याचा माउथपीसच एकेरी झडपेचा असतो. त्यातून हवा फक्त बाहेर जाते. संसर्ग टाळायला तो चांगला, पण त्यातून श्वास आत ओढायची चाचणी होऊच शकत नाही. तेव्हा पुन्हा चाचणी करायची असेल तर फोनवरच विचारून घ्या: श्वास आत घेण्याचा लूप काढता का, आणि जिवाणू-विषाणू रोखणारा फिल्टर लावता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या मशीनमधून मुलीला जोरात हवा ओढायला लावू नका.

चाचणी नीट कशी होते ते माहीत असलेलं बरं. ताठ बसायचं, पाय जमिनीवर, नाकाला चिमटा, ओठ माउथपीसभोवती घट्ट, जीभ खाली. दोन-तीन साधे श्वास, मग छाती पूर्ण भरायची, क्षणभरही न रेंगाळता स्फोटासारखं फुंकायचं आणि हवा संपेपर्यंत फुंकत राहायचं. आणि मग, तोंड न काढता, झटक्यात पूर्ण श्वास आत ओढायचा. हा शेवटचा टप्पा मुलांना आधी करून दाखवावा लागतो. फुंकून दमलेलं मूल आत ओढताना हमखास ढिलं पडतं आणि आलेख सपाट येतो. असे किमान तीन चांगले प्रयत्न हवेत, जास्तीत जास्त आठ. त्यातल्या दोन सर्वोत्तम एफव्हीसींमध्ये आणि दोन सर्वोत्तम एफईव्ही१मध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. मशीनची जुळणी ३ लिटरच्या सिरिंजने रोज करतात. तिथेही दांडा ढकलताना आणि ओढताना, दोन्ही वेळा आकडा ३ टक्क्यांच्या आत यायला हवा. ढकलतानाचाच आकडा बघून पुढे जाण्याची सवय काही ठिकाणी असते.

खालचा भाग सपाट का होतो? आपण जोरात श्वास ओढतो तेव्हा छातीच्या बाहेरच्या श्वासमार्गात, म्हणजे स्वरयंत्रात आणि गळ्यातल्या श्वासनलिकेत, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. तिथे सैल किंवा अर्धवट मिटलेलं काही असेल तर ते आणखी आत खेचलं जातं. श्वास सोडताना दाब उलटा पडतो आणि वाट उघडते. त्यामुळे वरचा डोंगर शाबूत आणि खालचं अर्धवर्तुळ चपटं, असं चित्र तयार होतं. दम्यात बाधा फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत असते. तिथे वरच्या डोंगराचा उतार खोलगट होतो आणि खालचा भाग बऱ्यापैकी गोल राहतो.

आकड्यांत सांगायचं तर निम्मी हवा सोडून झाल्यावरचा वेग, एमईएफ५०, आणि निम्मी हवा आत आल्यावरचा वेग, एमआयएफ५०, यांचं गुणोत्तर काढतात. निरोगी माणसात आत येणारा वेग जास्त असल्याने ते १ पेक्षा कमी असतं: ४.० भागिले ४.९, म्हणजे ०.८ च्या आसपास. स्वरतंतू मिटत असतील तर ते १ च्या वर जातं. ३.६ भागिले २.० म्हणजे १.८. काही मशीन हेच गुणोत्तर उलटं छापतात, काही ‘एफईएफ५०’ आणि ‘एफआयएफ५०’ अशी नावं वापरतात. म्हणून आधी कशाला कशाने भागलं आहे ते बघा.

या गुणोत्तराची एक फसवणूक सांगायलाच हवी. दमा आणि स्वरतंतूंचा त्रास दोन्ही असतील तर दम्याने एमईएफ५० घटतो, अंश लहान होतो आणि गुणोत्तर नॉर्मल दिसतं. अशा वेळी आकार बघणारा डोळाच कामाचा. उलट बाजूने, ढिला प्रयत्न गुणोत्तर खोटंच वाढवतो. हे ओळखायला एफआयव्हीसी, म्हणजे आत ओढलेली एकूण हवा, एफव्हीसीशी ताडून बघतात. मुलीने ३.२ लिटर सोडली आणि आत फक्त २.१ लिटर घेतली, तर तिने मध्येच सोडून दिलं आहे. त्या लूपवरून काहीही ठरवू नये. ३.२ सोडून ३.१ परत घेतली, पण सपाट रेषेत, रेंगाळत घेतली, तर त्या सपाटीकडे लक्ष द्यायला हवं.

तिन्ही लूप एकावर एक ठेवून बघणं हे त्याहून महत्त्वाचं, आणि मशीन बहुधा ‘बेस्ट’ एकच लूप छापतं. सगळे प्रयत्न छापून मागा. स्वरतंतूंच्या या विकारात लूप दर वेळी वेगळा येतो: एकदा सपाट, एकदा मध्येच खाच, एकदा जवळजवळ नॉर्मल. तिन्ही वेळा हुबेहूब तशीच सपाटी आली तर विचाराची दिशा बदलते: स्वरतंतूंचा लकवा, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर चेतातंतूला झालेली इजा वगैरे. वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग सपाट होऊन लूप डब्यासारखा चौकोनी दिसला, तर श्वासनलिका कायमची अरुंद झाली असण्याची शक्यता असते. व्हेंटिलेटरवर राहून आलेल्या रुग्णांत हे दिसतं. तिथे दुर्बीण किंवा सीटी स्कॅन लांबवू नये.

त्या चौकोनी प्रकारासाठी एक झटपट हिशेब आहे: एफईव्ही१ मिलिलिटरमध्ये घ्या आणि पीक फ्लोने, म्हणजे फुंकेच्या सर्वाधिक वेगाने, तो लिटर प्रति मिनिटात करून, भागा. उत्तर १० च्या वर गेलं तर वरच्या श्वासमार्गाची शंका घ्या. रिपोर्टवर पीक फ्लो ४ लिटर प्रति सेकंद असेल तर तो मिनिटाला २४०. एफईव्ही१ ३१०० मिली असेल तर उत्तर १२.९ येतं. पण फक्त आत घेतानाच मिटणाऱ्या स्वरतंतूंत हा हिशेब नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

एवढं सगळं नीट झालं तरी त्रास नसताना काढलेला लूप बहुतेकांचा साफ येतो. शांत बसलेल्या मुलीचे स्वरतंतू मिटतच नाहीत, तर आलेखात येणार काय? म्हणून तुमच्या प्रश्नातल्या मुलीसाठी खरी चाचणी धावण्याची आहे.

व्यायामाची चाचणी दोन वेगळ्या गोष्टी शोधण्यासाठी दोन वेगळ्या तऱ्हांनी करावी लागते, आणि गडबड नेमकी इथेच होते. व्यायामाने होणारा दमा शोधायचा तर ट्रेडमिलचा वेग दोन-तीन मिनिटांत झपाट्याने वाढवायचा, हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या किमान ८५ टक्क्यांवर न्यायचे आणि तिथे चार ते सहा मिनिटं टिकवायचे. १६ व्या वर्षी कमाल मर्यादा २२० उणे १६, म्हणजे २०४ धरतात. त्याचे ८५ टक्के म्हणजे साधारण १७३. मुलांत ९५ टक्क्यांपर्यंतही नेतात. नाकाला चिमटा आणि शक्यतो कोरडी हवा. मग ५, १०, १५ आणि ३० मिनिटांनी एफईव्ही१ मोजायचा. १० टक्के किंवा अधिक घट म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह. हृदयरोगाच्या स्ट्रेस टेस्टला वापरतात तो ब्रूस प्रोटोकॉल दर तीन मिनिटांनी हळूहळू चढतो. त्या सावकाश चढणीत नळ्यांना सवय होते आणि दमा निसटू शकतो.

स्वरयंत्राचं वेळापत्रक याच्या उलट. दम्याची घट व्यायाम थांबल्यानंतर ५ ते १५ मिनिटांनी तळ गाठते. स्वरतंतूंचा त्रास धावण्याच्या अगदी टोकाला येतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरतो. पाचव्या मिनिटाला पहिलं मोजमाप घेतलं तर हातात काही लागत नाही. शिवाय ८५ टक्क्यांवर थांबवलेल्या मुलीला त्रास सुरूही झालेला नसतो. तिला ‘आता होत नाही’ म्हणेपर्यंत पळवावं लागतं आणि पहिला लूप थांबल्यापासून मिनिटाच्या आत घ्यावा लागतो. धापा टाकणाऱ्या मुलीला पूर्ण फुंकण्याचा आग्रह त्या वेळी धरू नये. ‘सावकाश सगळी हवा सोड, आता एकदम आत ओढ’ एवढंच सांगून फक्त आत घेण्याचा भाग घ्यावा. असे दोन-तीन श्वास मिळाले की पुरे. मग ५, १०, १५, ३० मिनिटांची दम्याची मोजमापं घ्यावीत. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच बैठकीत मिळू शकतात. लॅबला आधी सांगून ठेवलं तर.

ट्रेडमिलवर त्रास झालाच नाही, हेही वारंवार घडतं. वातानुकूलित खोलीतला पट्टा आणि जिल्हा स्पर्धेतले शेवटचे २०० मीटर यांत फार अंतर आहे. लॅबवाल्यांकडे हातात मावणारा स्पायरोमीटर, म्हणजे हेच लूप काढणारं मशीन, असेल आणि ते मैदानावर यायला तयार असतील तर उत्तमच.

ते जमत नसेल तर मोबाइल आहे. फुकटचा, आणि माझ्या मते निम्म्या महागड्या चाचण्यांपेक्षा उपयोगी. चेहरा, गळा आणि छातीचा वरचा भाग एका चौकटीत येईल असा, आवाजासकट, थांबल्या क्षणापासून किमान एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. फोन दोन-तीन फुटांवर, आजूबाजूच्या टाळ्या-शिट्ट्यांपासून दूर. मुलीला आधीच सांगून ठेवा: श्वास आत घेताना हात वर, सोडताना खाली. कारण धापा टाकताना आवाज आत घेतानाचा की सोडतानाचा, हे बघणाऱ्याला पुष्कळदा कळत नाही. हात बघितला की कळतं. आत घेताना गळ्यातून येणारा कर्कश आवाज म्हणजे स्ट्रायडर, तो स्वरयंत्राकडे बोट दाखवतो. सोडताना छातीतून येणारी बारीक शिट्टी दम्याकडे. जवळ डॉक्टर असतील तर त्यांनी स्टेथोस्कोप आधी गळ्यावर ठेवावा, मग छातीवर. आवाज कुठे मोठा आहे यावरून बरंच ठरतं. त्रास ‘इथे होतो’ म्हणून मूल बोट कुठे ठेवतं तेही बघा. गळ्याच्या खाचेवर ठेवतं की छातीवर.

घरात पीक फ्लो मीटर असेल तर त्याचाही मर्यादित उपयोग आहे. तो फक्त सोडलेल्या हवेचा वेग मोजतो. श्वास घेताच येत नाही अशी अवस्था आणि मीटरवर मात्र नेहमीचा आकडा, ही विसंगती नोंदवून ठेवण्यासारखी. पण आकडा पडला म्हणजे दमाच, असं नाही. छाती पूर्ण भरता आली नाही तर फुंकही कमीच पडते.

सोबत दमा आहे का, हे शोधणाऱ्या दोन चाचण्या. पहिली फेनो: श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण. सेकंदाला ५० मिली अशा संथ, स्थिर वेगाने सुमारे १० सेकंद फुंकायचं असतं. जोर लागत नाही. ती स्पायरोमेट्रीच्या आधी करावी, कारण जोरात फुंकल्यानंतर आकडा घटतो. आधी तासभर खाणंपिणं नको. आदल्या जेवणात पालक किंवा बीट भरपूर असेल तर आकडा वाढू शकतो. प्रौढांत २५ पीपीबीच्या (अब्ज भागांत २५ भाग) खाली कमी आणि ५० च्या वर जास्त धरतात, १२ वर्षांखालच्या मुलांत २० आणि ३५. जास्त आला तर ॲलर्जीचा दमा असण्याचा संभव वाढतो, पण स्वरतंतूंची शंका त्याने रद्द होत नाही. स्टेरॉइडचा पंप चालू असताना आकडा कमी येतो, हेही वाचणाऱ्याला माहीत हवं.

दुसरी मेथाकोलिन चाचणी. औषधाची वाफ वाढत्या मात्रेने देत प्रत्येक पायरीला एफईव्ही१ मोजतात. तो २० टक्के घटला की थांबतात. १६ मिलिग्रॅम प्रति मिलीपर्यंत घट झाली नाही तर सध्या दमा असण्याची शक्यता फारच कमी. हिचा खरा उपयोग ‘दमा नाही’ म्हणण्यासाठी. ती मोजक्या मोठ्या केंद्रांत होते आणि ब्राँकोडायलेटर (श्वासनळ्या उघडणारं औषध) व ऑक्सिजन हाताशी ठेवूनच करायची. मेथाकोलिनने काहींचं स्वरयंत्रही चिडतं. म्हणून प्रत्येक पायरीला श्वास आत घेण्याचा लूपही घ्यायला सांगावं. एफईव्ही१ आणि एफव्हीसी दोन्ही सारख्याच प्रमाणात घटले, त्यांचं गुणोत्तर जागच्या जागी राहिलं आणि खालचा लूप चपटा झाला, तर ती घट दम्याची म्हणून लिहू नये. पूर्ण श्वास आत गेलेलाच नाही.

पंप किती वेळ आधी थांबवायचे हे लिहून घ्या, पण डॉक्टरांना विचारूनच थांबवा. साधारणपणे साल्ब्युटामॉल ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असलेले पंप २४ तास. पंपानंतरची पीएफटी ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल देऊन १५ मिनिटांनी करतात. त्यात सुधारणा दिसली नाही एवढ्यावरून दमा नाही असं ठरत नाही, कारण आधीचाच आकडा नॉर्मल असेल तर सुधारायला जागाच नसते.

ऑसिलोमेट्रीबद्दल हल्ली बरंच ऐकायला येतं. तिच्यात जोर लावायचा नसतो. नाकाला चिमटा, दोन्ही तळव्यांनी गाल घट्ट धरायचे आणि अर्धा मिनिट साधा श्वास घ्यायचा. मशीन ५ ते २० हर्ट्झ आणि त्यापुढच्या लहरी सोडून श्वासमार्गाचा अडथळा मोजतं. श्वास घेतानाचा आणि सोडतानाचा अडथळा वेगळा दाखवणारं मशीन असेल तर स्वरतंतूंच्या त्रासात घेतानाचा आकडा उसळलेला दिसतो. आर५ आणि आर२०, म्हणजे ५ आणि २० हर्ट्झला मोजलेला अडथळा, दोन्ही सारखेच वाढले तर बाधा मोठ्या नळ्यांत किंवा त्याच्याही वर आहे असं समजतात. गाल सैल सोडले, जीभ आड आली किंवा मध्ये आवंढा गिळला की आकडे बिघडतात. धापा टाकणाऱ्या मुलीसाठी ही सोयीची, पण या विकारासाठी सर्वमान्य सीमारेषा अजून ठरलेल्या नाहीत. फक्त तिच्यावर निदान लिहिलेलं असेल तर मान्य करू नका.

प्रश्नावल्यांपैकी २०१४ मध्ये आलेला पिट्सबर्ग निर्देशांक चार गोष्टी विचारतो: घसा आवळतो का, आवाज बसतो का, छातीत शिट्टी वाजत नाही ना, आणि वासाने त्रास सुरू होतो का. ४ किंवा अधिक गुण आले तर शंका बळावते. धावण्याने होणाऱ्या प्रकाराला तो तितकासा बसत नाही. गळ्यावरून केलेली सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. श्वास चालू असताना काढलेला डायनॅमिक सीटी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला विकसित झाला आहे, पण किरणोत्सर्ग आहे. १६ वर्षांच्या मुलीसाठी तो पहिला पर्याय मुळीच नव्हे.

आता दुर्बिणीबद्दल. ती तीन-चार मिलिमीटर जाडीची, लवचिक असते. नाकात बधिर करणारं औषध घालून दोन-तीन मिनिटांत बघून होतं, भूल लागत नाही, मुलगी बसलेली असते. भीती वाटणं साहजिक आहे. पण मला काळजी वेगळीच वाटते: शांत बसवून दुर्बीण घातली, सगळं नॉर्मल दिसलं आणि ‘स्वरतंतू ठीक आहेत’ असा शिक्का बसला, तर मुलगी पुन्हा पंपांवरच जाते. नॉर्वेतल्या बर्गनच्या डॉक्टरांनी २००६ साली दुर्बीण डोक्यावरच्या पट्ट्याला बांधून ट्रेडमिलवर धावतानाच बघण्याची पद्धत मांडली, ती याच कारणासाठी. ती सोय जवळ नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी सांगून दवाखान्याच्या जिन्यावर तिला दमेपर्यंत पळवायचं आणि लगेच खुर्चीत घ्यायचं, हा साधा मार्ग काही जण वापरतात. नाक आधीच बधिर करून ठेवलेलं असलं की त्यात वेळ जात नाही.

तुमच्यासाठी क्रम असा लावा. आधी मैदानावरचा व्हिडिओ. मग फेनो आणि दोन्ही भाग असलेला लूप, एकाच दिवशी, या क्रमाने. त्यानंतर दमेपर्यंतची ट्रेडमिल चाचणी, पहिल्या मिनिटातल्या लूपसकट. दमा नाही असं दिसलं आणि लूप चपटा झाला, तर हे कागद आणि व्हिडिओ घेऊन दुर्बिणीला जा. तोवर स्टेरॉइडचा पंप मनाने बंद करू नका, दोन्ही आजार एकत्र असू शकतात. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर या विकारात ऑक्सिजन बहुतेक वेळा नॉर्मल असतो. तो ९२ च्या खाली गेला, ओठ निळसर झाले, शुद्ध हरपू लागली किंवा थांबल्यावर १० मिनिटांनीही त्रास ओसरला नाही, तर चाचण्यांचा विचार सोडून सरळ इमर्जन्सीत न्या.